दातेकाकांचा इंचातला इतिहास

दातेकाका दुसऱ्यांच्या बातम्या इंचात मोजत. मी सिटिझन झाल्याचे पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "दीड इंच." समोरच्या कुलकर्ण्यांच्या नव्या गाडीला त्यांनी पाव इंचही दिला नव्हता, त्यामुळे मी खूश झालो.

काका स्कारबरोतले आमचे शेजारी. इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि काकूंना घेऊन ॲरिझोना बघायला गेले. तिथे नवाहो या मूळनिवासी जमातीतल्या एका बाईंच्या हातमागावर त्यांनी गालिचा पाहिला. त्यात नुसती नक्षी नव्हती. आगगाडी होती, मेंढ्या होत्या आणि ट्रकमधून दूरच्या शाळेत नेली जाणारी मुलं होती. "आजीने पाहिलं ते आईने विणलं, आईने पाहिलं ते मी विणते," असं बाई म्हणाल्या म्हणे. ज्या प्रसिद्ध दरीसाठी गेले होते, ती बघायची राहूनच गेली. काकांनी घरी येऊन पहिल्याच आठवड्यात बेसमेंटमध्ये माग उभा केला.

मग ते आपला इतिहास विणू लागले; घटना जेवढी मोठी, तेवढे तिला गालिच्यात इंच. त्यांच्या हातून गोल काही यायचं नाही, सगळं पायऱ्यापायऱ्यांनी वळायचं. मंडळाचा गणपती व्हॅक्युम क्लीनरसारखा दिसे. पहिल्या विंटरमध्ये फावडं घेऊन शोव्हल करणारे खुद्द काका पांढऱ्या बर्फात पांढऱ्या कोटामुळे सापडतच नसत. "हिस्टॉरिकली करेक्ट आहे," काका म्हणत. "तेव्हा मी कुणालाच दिसत नव्हतो!"

एकदा काठातून आरपार बाहेर गेलेला बारीक धागा दाखवत मी म्हटलं, "काका, इथे चुकलंय बहुतेक."

"चुकलंय? अरे, ती वाट आहे! विणणाऱ्याचं मन चित्रात अडकून पडू नये, म्हणून ॲरिझोनातल्या त्या बाई काठातून एक रेघ बाहेर काढतात. काठ बंद केलास की बसलास आत. रूल इज रूल!"

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी वाट दाखवली जाई, मग चहा मिळे.

काकूंच्या वाट्याला मात्र एक इंचही आला नाही. "चाळीस वर्षं पोळ्या लाटतेय, त्याचे किती?" त्या जिन्यातून ओरडायच्या.

"अगं, पोळ्या म्हणजे काय इतिहास आहे?" खालून उत्तर यायचं.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. काका कोणतीही बातमी ऐकली की नुसतं "बरं" म्हणू लागले. घर विकून मॉन्ट्रियलला आमच्याकडे या, म्हणून त्यांची मुलगी फोनवर फोन करत होती. माग मोडून काका आता जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

उन्हाळ्यात त्यांनी मला खाली बोलावलं. मागावर नवा गालिचा पुरा झाला होता. त्यात किचन होतं, स्टोव्ह होता आणि पाठमोऱ्या काकू पोळी भाजत होत्या. पोळी अर्थातच चौकोनी. अख्ख्या गालिच्यात दुसरं काहीही घडत नव्हतं. मला भरून आलं, पण त्या पोळीकडे बघून हसूही येत होतं.

"किती इंच दिलेत?" मी विचारलं.

"सगळे."

सवयीने मी काठ पाहिला. चारही बाजूंनी तो बंद होता.

"काका, वाट सोडायची राहिली."

"राहिली नाही." वर फोन वाजत होता, मुलीचाच असणार. काका जागचे हलले नाहीत. काठावरून हात फिरवत म्हणाले, "मला कुठे बाहेर पडायचंय?"