वाढत्या अंगाची खुर्ची

शकूरभाई कुणाच्याही घरी बसत नाहीत. "उभ्या उभ्याच आलोय ताई," म्हणत आत येतात आणि दीड तास उभेच असतात. तेही एका जागी नाही. फ्रीजपासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या, मध्येच पडद्याची शिवण चिमटीत धरून बघणं, मग आमच्या ह्यांच्या पोटाकडे एक नजर. "साहेब, दिवाळीपासून दीड इंच," एवढं बोलून पुढची फेरी. ह्यांनी हौसेनं वजनकाटा आणला होता, तो मी देऊन टाकला. शकूरभाई असताना काट्याला काम काय?

इंदिरानगरात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात त्यांची हयात गेली. मूल कुठलंही असो, माप घेतलं की आईला सांगायचं, "दोन इंच ठेवतो. वाढतं अंग आहे." माझ्या भाच्याला पाचवीत शिवलेली पँट आठवीत कुठे अंगाला बसली. तोवर तो ती दोन्ही हातांनी धरून पळायचा. तक्रार केली की शकूरभाई म्हणणार, "लेकराला कपडा घट्ट झाला ना ताई, की टेलरला पाप लागतं."

आता खुर्चीचं सांगते. दिलबहादूर आमचा वॉचमन, नेपाळचा. नऊ वर्षं होता. त्याची मुलगी बिनिता इथेच, गेटजवळच्या खोलीत वाढली. जन्मापासून पाठीचा कणा वाकडा, पायांत जोर नाही, पण तोंड असं चालायचं की चेअरमनसुद्धा मागच्या गेटनं जायचे. चार वर्षांपूर्वी दिलबहादूरचे वडील अंथरुणाला खिळले आणि सगळं बिऱ्हाड गावी गेलं. मग एके दिवशी त्याचा फोन आला. सोसायटीची सेक्रेटरी मी, पण फोन मला नाही, शकूरभाईंना. मला राग आला, खोटं कशाला सांगू.

दवाखान्यातली साधी व्हीलचेअर बिनिताला चालत नव्हती. त्यात ती कलंडायची, पाठीला जखमा व्हायच्या. म्हणून दिवसभर आडवीच. गावातल्या शाळेच्या बाई म्हणाल्या होत्या, ही सरळ बसू शकली तर शाळेत घेते. काठमांडूला एक कारखाना मापाप्रमाणे खुर्ची बनवून देतो, पण तेवढे पैसे दिलबहादूरकडे कुठून येणार?

झालं. त्या दिवसापासून शकूरभाईंनी सोसायटीचं जगणं हराम केलं. सकाळी सातला बेल. दार उघडावं तर हे चप्पल न काढता उभे. "पोरगी तिकडे आडवी पडलीय आणि तुम्ही अजून पोहेच खाताय?" तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, "परदेशात मदत? अहो, परदेशातून इकडे पैसे यायची पद्धत आहे." शकूरभाईंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "कंबर अडतीस झालीय. सगळ्या पँटा काढा बाहेर."

कारण नुसते पैसे ते घेतच नव्हते. मी पाकीट पुढे केलं तर हात मागे. "भीक नको ताई, काम द्या. पोरीला सांगता आलं पाहिजे, खुर्ची शकूरचाचाच्या मशीनवर आली." म्हणजे घरातलं काहीतरी उसवायला, आवळायला किंवा सैल करायला द्यायचंच. दोन महिने आमच्या सोसायटीत एकही कपडा सुखानं कपाटात राहिला नाही. ह्यांचा लग्नातला सूट निघाला. माझी धड असलेली ब्लाउजं मी सैल करून घेतली आणि पुढच्या आठवड्यात तीच पुन्हा आवळायला दिली. दिंडोरीचा एक द्राक्षबागायतदार नातवाच्या युनिफॉर्मसाठी आला होता. बिचारा औषध फवारायला घालायचे वीस डगले शिवायची ऑर्डर देऊन गेला. मी एकदा वैतागून म्हटलं, "शकूरभाई, जरा दम खा." ते म्हणाले, "मी दम खाल्ला तर ती उठून बसणारे का?"

पैसे जमले. कारखान्यानं मापं मागवली. तिथला माणूस गावात जाऊन मापं घ्यायला तयार होता, पण शकूरभाईंना ते कसं पटावं? त्यांनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. "दिल्या, टेप सैल धरू नको. गुडघ्यामागून घे." पाठ, मांडी, कंबर, सगळं वहीत लिहून घेतलं आणि कारखान्याला पाठवलं.

खुर्ची बनून गावी पोचली. आम्ही सगळे त्यांच्या दुकानात फोनभोवती जमलो. पडद्यावर बिनिता दिसली. पोर खुर्चीत एका बाजूला कलंडली होती. पोत्यात शेवटचे चार कांदे उरावेत तशी. दिलबहादूर म्हणाला, "चाचा, खुर्ची खूप मोठी झाली."

शकूरभाईंनी वही काढली. मग हळूच म्हणाले, "ताई, पाठवताना मी प्रत्येक मापात दोन इंच ठेवले." एवढं सगळं करून या माणसानं खुर्चीही वाढत्या अंगाची केली होती. मी बोलले, खूप बोलले. कारखाना म्हणाला, नवी करायची तर पुन्हा पूर्ण पैसे. शाळा उघडायला उरले होते तीन आठवडे.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद, आत दिवा चालू. शकूरभाई घट्ट फोम कापत होते. दोन्ही बाजूंना, पाठीला, मांडीखाली बसतील अशा गाद्या, वर रेक्झिन आणि खुर्चीला बांधायचे पट्टे. कारखान्याच्या माणसाला त्यांनी फोनवर चार वेळा विचारून घेतलं होतं. "पोरगी वाढली की एकेक थर काढायचा," मला म्हणाले. "या वेळी मापं तुम्ही वाचा ताई. माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी वही उघडली. बिनिताच्या आधीच्या पानावर नाव होतं, अयान. खाली छाती, कंबर, लांबी, आणि पुढे काहीच नाही. त्याच्या मागेही असंच एक पान. वर्षाचा आकडा तेवढा वेगळा.

"हे कोण?"

"नातू. शारजाला असतो. अकराचा झाला." त्यांची कात्री थांबली नाही. "दर ईदला मी त्याचं माप मागतो. मुलगा म्हणतो, अब्बू, इथे सगळं रेडीमेड मिळतं. बरोबरच आहे त्याचं." मला आदल्या दिवशीच्या बोलण्याची लाज वाटली. मी मापं वाचायला लागले. या वेळी त्यांनी एक सूतही वाढवलं नाही.

गाद्या घेऊन दिलबहादूरचा मेहुणा गेला. तो आमच्याच रोडवर मोमोची गाडी लावतो. बारा दिवसांनी फोन आला. पडद्यावर बिनिता, निळा शर्ट, दोन वेण्या, आणि ताठ बसलेली. मागे शाळेचा फळा. दिलबहादूर रडत होता आणि ती त्याला दटावत होती, "बाबा, फोन हलवू नका, चाचा दिसत नाहीयेत."

मग अगदी जवळ येऊन तिनं विचारलं, "चाचा, मी मोठी झाले की परत माप द्यायचं का?"

शकूरभाईंनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"द्यायचं," ते म्हणाले. "दर वर्षी द्यायचं. आणि बेटा, मी मागायची वाट बघू नको. आपणहून पाठव."