हा विनोद नाही

ऑगीला वॉशिंग मशीन व्हायचं होतं. वाघ नाही, भूत नाही, समुद्रावरचा चाचा नाही, वॉशिंग मशीनच. म्हणून हॅलोविनच्या, म्हणजे पोरांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी त्याची आई जमिनीवर बसून एका पांढऱ्या खोक्याला गोल दार चिकटवत होती, आणि त्याची बारा वर्षांची बहीण लिनिया गालांवर मांजरीच्या मिशा काढून दारात ताटकळत उभी होती.

"आधी कोट घाल," आई ऑगीला म्हणाली.

"वॉशिंग मशीनला कोट नसतो."

"आयोवातल्या वॉशिंग मशीनला असतो. बाहेर वारा बघ."

कोटावर खोकं चढलं. पाच वर्षांच्या ऑगीचं तोंड आणि पावलं तेवढी बाहेर राहिली. हाताच्या भोकांतून बोटांची टोकं दिसत होती, जशी घरट्यातून पिलांच्या चोची दिसाव्यात. धरायला हातच नाही म्हटल्यावर आईनं जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाईप उपटला, एक टोक खोक्याच्या पाठीला चिकटपट्टीनं डकवलं आणि दुसरं लिनियाच्या हातात दिलं.

"हे सोडायचं नाही. आणि मिळालेलं काहीही घरी येईपर्यंत त्यानं तोंडात घालायचं नाही. वेष्टनावरचं तू वाचायचं. पेन घेतलंस?"

लिनियानं खिसा चाचपला. ऑगीचा श्वास अडकला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन होतं. वसंतात कुणाच्या तरी वाढदिवसाला ऑगीनं शेंगदाण्याचं अर्धं बिस्कीट खाल्लं होतं, आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तेव्हापासून त्या घरात शेंगदाण्याचं नाव, रात्री सापाचं घेत नाहीत तसं, कुणी मोठ्यानं घेत नसे.

ऑगीचे बाबा सुगीमुळे मक्याच्या ट्रकवर होते. आईला घर सोडता येत नव्हतं, कारण खाऊचं टोपलं पायरीवर ठेवून मोकळं होणं त्यांच्या डी मॉईन शहरात चालत नाही. इथं पोरांनी सणाच्या आदल्या संध्याकाळीच फिरायचं, दारात विनोद सांगायचा आणि मगच खाऊ मिळवायचा. ऐकायला कुणीतरी हवंच. म्हणून यंदा पहिल्यांदाच दोघं एकटे निघाले. पुढे खोकं, मागे मांजर, मध्ये पाईप.

ऑगीकडे एकच विनोद होता, त्याचा स्वतःचा. "एक गाय दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, काय होतंय? गाय म्हणाली, काही नाही, सहज आले." एवढं सांगून तो स्वतःच हसायचा आणि त्याच्याबरोबर सबंध मशीन थरथरायचं. लोक मशीनला हसत. ऑगीला वाटे, गायीला हसतात.

चार-सहा दारं सुरळीत झाली. मग त्यानं हळूच एका चॉकलेटचा कागद सोलायला घेतला आणि लिनियानं ते हिसकावलं.

"ह्यात ते आहे."

"तुला कसं माहीत?"

"लिहिलंय."

"तू खोटं वाचतेस."

"मग तू शीक वाचायला."

ऑगी रुसला. रुसलेलं वॉशिंग मशीन तोंड न उघडता फरफर पुढे चालायला लागलं. तेवढ्यात मिस्टर हॅगर्टींच्या अंगणात पोरांची झुंबड उडाली. त्यांनी दरवर्षीप्रमाणे गॅरेजसमोर शेकोटी पेटवून खुर्च्या मांडल्या होत्या. गर्दीत पाईपला एक हिसका बसला, लिनियानं तो घट्ट धरला, आणि गर्दीतून वाट काढत ती पुढे झाली. पाईप मागून येत होता. म्हणजे ऑगी येत होता.

"रुसायला काय झालं?" ती मागे न बघता म्हणाली. उत्तर नाही. "बरं, नको बोलूस. घरी गेल्यावर माझ्यातली दोन देईन." उत्तर नाही. "तीन." तिनं वळून पाहिलं.

पाईपच्या टोकाला हाताएवढा पुठ्ठा लोंबत होता. त्याच्यामागे वाळलेली पानं, पानांच्या मागे रस्ता. पाईप तिनं सोडला नव्हता. पाईपनंच ऑगीला सोडलं होतं.

ऑगीला वाचता येत नाही. खाऊची पिशवी त्याच्या गळ्यात आहे. पेन आपल्या खिशात आहे. लिनिया हॅगर्टींकडे आल्या पावली पळाली आणि रांग मोडून पुढे घुसली.

"मिस्टर हॅगर्टी, तुम्ही एक वॉशिंग मशीन पाहिलंत का? एकटंच चाललेलं?"

मिस्टर हॅगर्टींनी सूपाचा वाडगा मांडीवर ठेवला. "नाही बुवा. मग?"

"मग काय? ते माझा भाऊ आहे."

शेकोटीभोवती हशा पिकला. "बेव्ह, ऐक, ऐक," ते बायकोला म्हणाले. "हिचा भाऊ वॉशिंग मशीन आहे. हं, पुढे?"

"पुढे काही नाही. मी पाईप धरला होता. मी त्याच्याशी बोलत होते आणि मागे बघितलं तर नुसता पाईप."

बेव्हला ठसका लागला. रांगेतल्या पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या दिल्या. मिस्टर हॅगर्टींनी डोळे पुसत मोठ्ठं चॉकलेट तिच्या पिशवीत टाकलं. "बाकीचे सगळे पुस्तकातलं सांगतात. हा ताजा आहे. पण पोरी, शेवट काय ह्याचा?"

शेवट काय, हेच तर लिनियाला ठाऊक नव्हतं. ती पुढच्या घराकडे धावली. दार उघडणारी तरुण बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. इथं लिनियानं नीट सुरुवात केली.

"हा विनोद नाही, मॅडम."

"चांगले विनोद असेच सुरू होतात," बाई खूश होऊन म्हणाली.

"माझा भाऊ हरवलाय. पाच वर्षांचा आहे. तो वॉशिंग मशीन आहे, आणि त्याला शेंगदाणे चालत नाहीत."

बाई दाराच्या चौकटीला टेकली. "वॉशिंग मशीनला शेंगदाणे चालत नाहीत," तिनं आत नवऱ्याला ओरडून सांगितलं. आतूनही हसू आलं. बाळ हसलं. लिनियाचे डोळे भरून आले, मिशांचा काळा रंग हनुवटीपर्यंत ओघळला.

"आणि रडते पण किती खरं," बाई कौतुकानं म्हणाली आणि दोन चॉकलेटं जास्त घातली.

पिशवी जड होत चालली, तसतसा लिनियाचा जीव उडत चालला. खरं सांगावं तर लोक हसतात. मग ह्या गावाशी बोलायचं कसं? ती पायरीवर क्षणभर थांबली, नाक पुसलं, आणि पुन्हा घंटी वाजवली.

"अजून एक?" बाईनं विचारलं.

"एक गाय दवाखान्यात गेली," लिनिया म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, काय होतंय..."

"हा नको गं. हा आत्ताच ऐकला. एक पांढरं खोकं सांगून गेलं."

"कुठे गेलं?"

"पलीकडे. मिसेस टॉलफसनकडे. बिचारं खोकं."

त्या गल्लीतलं ते शेवटचं घर. मिसेस टॉलफसन हसल्या तर मुलाला चॉकलेट, नाही हसल्या तर मनुकांची डबी, असा त्यांचा नियम होता. आणि त्यांच्याकडून कुणाला चॉकलेट मिळाल्याचं गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. पोरं त्यांचं दार वगळून जात. लिनिया पायऱ्या चढली आणि जागीच थिजली. व्हरांड्यातल्या दिव्याखाली वॉशिंग मशीन उभं होतं. त्याच्या पाठीला भगदाड होतं, आणि त्याचं तोंड काहीतरी चावत होतं.

"थुंक," लिनिया ओरडली. तिनं पाईप बगलेत मारला, एका हातानं त्याचे गाल दाबले आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट त्याच्या तोंडात घातलं. "काय खाल्लंस? ऑगी, काय खाल्लंस?"

बोटाला काळं, चिकट काहीतरी लागून आलं. तिनं ते दिव्यापाशी धरलं.

"मनुका आहे," जाळीच्या दारामागून मिसेस टॉलफसन म्हणाल्या. "नुसती मनुका. डबीवरचं सगळं मी दोनदा वाचलं. काय चालत नाही, हे मी त्याला आधी विचारलं होतं."

लिनियानं ऑगीचे ओठ पाहिले, जीभ पाहिली, श्वास ऐकला. श्वासात शिट्टी नव्हती. फक्त राग होता.

"माझ्या तोंडात बोट घातलंस," ऑगी म्हणाला.

"तू हरवला होतास."

"मी कुठे हरवलो? मी इथेच उभा आहे. तू मागे होतीस ना, पाईप धरून? मी तुला केव्हापासून सांगतोय की मी रुसलोय, तर तू बोलतच नाहीस."

खोक्यात त्याला मान वळवता येत नव्हती. सगळी वाट तो मागच्या रिकाम्या हवेशी भांडत आला होता.

"ह्या हसत नाहीत," तो पुढे म्हणाला. "मी गायीचं खूप वेळा सांगितलं. हसल्याशिवाय जायचं नाही मला."

"बरोबर आहे त्याचं. अर्ध्यात सोडू नये माणसानं," मिसेस टॉलफसन म्हणाल्या. "पण ती गाय आली तरी कशाला, ते मला कळत नाही." मग जाळीचं दार उघडून त्या बाहेर आल्या. त्यांनी खोक्याचं भगदाड पाहिलं, पाईप पाहिला, लिनियाचं काळं ओघळलेलं तोंड पाहिलं. हसल्या नाहीत. आतून कात्री आणून त्यांनी वॉशिंग मशीनची एक बाजू सरळ उभी कापली आणि कोटासकट ऑगीचा हात बाहेर ओढला. "हा धर. चालेल ना अशानं?"

"मशीन बिघडलं," ऑगी म्हणाला.

"दुरुस्तीला घरी घेऊन जा," मिसेस टॉलफसन म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घरी पोचले तेव्हा आई दारातच टोपलं घेऊन उभी होती आणि हसून हसून तिचा चेहरा लाल झाला होता. "आज एक काय भन्नाट विनोद फिरतोय. दर तिसरं पोर तोच सांगतंय. एक माणूस गाय घेऊन बाजाराला निघतो. दोरी घट्ट धरलेली. वाटभर गायीशी गप्पा मारतो, आणि मागे बघतो तर नुसती दोरी." ती पुन्हा हसायला लागली. "मग घरोघर विचारत फिरतो, माझी गाय पाहिलीत का म्हणून. शेवट कुणालाच येत नाही, पण हसू काही थांबत नाही."

लिनियानं ऑगीचा हात आणखी घट्ट धरला.

"गाय सापडते," ऑगी म्हणाला. "तिला माहीतच नसतं ती हरवलीय. ती मनुका खात असते. मग तो माणूस येतो आणि तिच्या तोंडात बोट घालतो."

आईचं हसू अर्ध्यावर थबकलं. तिनं खोक्याची कापलेली बाजू पाहिली. पाठीचं भगदाड पाहिलं. लिनियाच्या बगलेतला पाईप पाहिला, त्याच्या टोकाचा पुठ्ठा पाहिला. मग टोपलं खाली ठेवून ती गुडघ्यांवर बसली, आणि ऑगीच्या ओठांवरून अंगठा फिरवता फिरवता तिनं दुसऱ्या हातानं लिनियाला जवळ ओढलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. एक भूत आणि एक भोपळा धापा टाकत वर आले.

"एक माणूस असतो," भूत म्हणालं. "तो गाय घेऊन निघतो..."

आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सबंध टोपलं भोपळ्याच्या पिशवीत उपडं केलं, दोन्ही मुलांना आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

"आवडला नाही त्यांना," बाहेर भूत म्हणालं.

"मग एवढं कशाला दिलं?" भोपळा म्हणाला.