रुमाल टाकणारी कॅप्सूल

या रहिमतपुरात मी आज धडधाकट उभा आहे तो बाजीराव अण्णांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून मी त्यांची टिंगल करतोय असं कुणालाही वाटेल. टिंगल थोडी आहेच. पण ती त्यांच्या घरात, त्यांच्याच ताटात जेवून केलेली आहे.

अण्णा दुपारी जेवायला बसले की चार घास झाल्यावर हात थांबवतात. शेजारच्या स्टीलच्या डबीतून अंगठ्याच्या पेराएवढी पिवळट कॅप्सूल काढतात, पाण्याबरोबर गिळतात आणि चमचा ताटाच्या काठावर दोनदा वाजवतात. टिंग टिंग. "चला, जाऊ द्या!" मग राहिलेली भाकरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा इकडचा नैवेद्याचा प्रकार असावा. मीही हात जोडले. नंतर कळलं की अण्णा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. दोन घंट्या झाल्याशिवाय त्यांच्या पोटातलंसुद्धा काही हलत नाही.

मी वाशीम जिल्ह्यातला. वडील चाळिशीच्या आतच हृदयाच्या झटक्यानं गेले आणि नववीत माझी शाळा सुटली. बऱ्याच भट्ट्यांवर हात भाजून घेतल्यावर इथल्या फरसाणच्या दुकानात शेव पाडायला लागलो. बायको आणि मुलगी गावी. अण्णांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. दुपारचं जेवण मात्र त्यांच्याकडेच. ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "एकट्यानं जेवलं की कॅप्सूल लागू पडत न्हाई." हे कुठल्या डबीवर लिहिलंय ते मी अजून शोधतोय.

अण्णा कुणाला नावानं हाक मारत नाहीत. मी "वाशीम". दूधवाला "कोरेगाव". शेजारच्या वहिनींचं माहेर लोणंदचं, म्हणून त्या "लोणंद". "माणूस कुठनं चढला तेवढं ध्यानात ठिवावं," ते म्हणतात. "बाकी समदं बदलतंय."

त्या कॅप्सुलीत काय असतं, हे मी एकदा विचारलं. ते विचारण्याचीच अण्णा वाट बघत होते. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "हे बघ वाशीम. आतडं म्हंजे एसटी. कोलेस्टेरॉल म्हंजे पॅसिंजर. गाडी फलाटाला लागली की घुसाय बघतंय. खरं आपण खिडकीतनं आधीच रुमाल टाकल्याला असतोय. ही कॅप्सूल म्हंजे रुमाल! वनस्पती स्टेरॉल. शेंगदाण्यात, तिळात, तेलात थोडं थोडं असतंयच, ह्यात जास्त. दिसाय हुबेहूब कोलेस्टेरॉलसारखं. ते जागा धरतंय. मग ह्येनं बसायचं कुठं?"

"उभ्यानं जाईल नं बाप्पा."

"आमच्या गाडीत उभं चालत न्हाई!"

"अन् उपाशीपोटी घेतली तर?"

"गाडीच लागली न्हाई तर रुमाल टाकतोस कुठं, गड्या?"

मी नववीपर्यंतच शिकलो, पण एवढं विज्ञान मला शाळेत कुणी समजावलं असतं तर दहावीला नक्की बसलो असतो.

अण्णांची भाची सांगलीला औषधांचं दुकान चालवते. ती डब्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ देते आणि अण्णा स्टँडवर जाऊन उतरवून घेतात. त्यामुळे गल्लीतलं कुणी ना कुणी डबी मागायला दारात उभं असतंच. एकदा लोणंद वहिनी म्हणाल्या, "आवं अण्णा, डबीवर लिवलंय, प्रतिकारशक्ती वाढती म्हणून. आमच्या ह्यांची सर्दी जाईल का?"

अण्णांनी डबी लांब धरून वाचली. "बोर्ड म्हाबळेसरचा हाय, व्हय. खरं म्हाबळेसरचा बोर्ड लावलेली गाडी वाटेतल्या मेढ्यातनंच माघारी आलेली म्या बघितलीया. कोलेस्टेरॉलपतूर गाडी जाती, ते मला म्हाईत हाय. तेबी थोडंच कमी करती. सर्दीपतूर जाती का न्हाई, ते म्या सांगणार न्हाई. तुमी आपलं आलं टाकून चा पाजा."

असा हा विक्रेता! आणि कुणी कोलेस्टेरॉलसाठीच डबी मागितली, तर अण्णा हात पुढं करून म्हणत, "आधी तिकीट."

तिकीट म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट. ते पाकीट अण्णा उजेडाकडे धरत, फोडलेल्या घरांवरून अंगठा फिरवत, तारखेशी ताळा लावत. दोन गोळ्या जास्त उरल्या असतील तर माणसाला गल्लीत उभं करून झापत. "बिनतिकिटाचा चढलास व्हय रं?" लोक हसत. "हे कशाला, अण्णा?" मी विचारलं. "चेकिंग हाय," एवढंच म्हणाले.

आणखी एक कोडं होतं. जेवणाच्या टेबलाला दोनच खुर्च्या. एक अण्णांची. दुसरीवर निळ्या काठाचा पांढरा रुमाल, घडी मोडलेली, जणू आत्ताच कुणीतरी टाकून गेलंय. मी उंबऱ्याजवळ पाटावर बसायचो. एकदा चुकून त्या खुर्चीला हात लावला तर अण्णा दचकले. "जागा धरलीया!"

"कोणासाठी?"

"जेव तू."

मला वाटलं, असेल म्हाताऱ्याची लहर.

मग एक दिवस मालकांनी दुकानात सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. माझं कोलेस्टेरॉल बरंच जास्त निघालं. डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी दोनदा अधोरेखित केलं आणि म्हणाले, "ही गोळी रोज एक. चुकवायची नाही. तीन महिन्यांनी परत तपासू."

वडील गेले तेव्हा मी होतो चौदाचा. माझी मुलगी आहे सहाची. त्या दिवसापासून कढईत झारा फिरवताना छातीत जरा काही टोचलं की मला तिची वेणी दिसायची. त्यात दुकानातल्या एकानं सांगितलं, "ती गोळी सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही." मी आणखीच घाबरलो. गोळी घ्यायची भीती आणि न घ्यायचीही भीती.

अण्णांना तिकीट दाखवलं. नवं कोरं पाकीट, चिठ्ठी, सगळं रीतसर. त्यांनी सांगलीहून डबी मागवून दिली. मी पाटावर बसून कॅप्सूल घ्यायला लागलो. टिंग टिंग, चला, जाऊ द्या. आणि डॉक्टरांची गोळी ठेवून दिली पेटीत, सदऱ्याखाली. माझा हिशोब सरळ होता. एका रुमालानं जागा धरली आहे, तर दुसरा कशाला?

वीसेक दिवसांनी, ताटं वाढलेली असताना अण्णा म्हणाले, "वाशीम, तिकीट."

मी पाकीट आणलं. एकही घर फुटलेलं नव्हतं.

"हे नवीन हाय अण्णा," मी म्हणालो. "जुनं संपलं. फेकलं मी."

"तू फेकलंस?" अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालतोस तू. तू काय फेकत न्हाईस."

मग मला खोटं पुढं नेता आलं नाही. "तुमीच म्हणाले होते नं, अण्णा. जागा धरली की झालं. मंग दोन-दोन रुमाल कायले?"

मला वाटलं, आता गल्ली जमेल एवढा आवाज निघणार. पण कॅप्सूल हातातच राहिली. घंटी झाली नाही. ते उठले आणि कपाटावरची जुनी तिकिटाची पत्र्याची पेटी काढली. मला वाटलं, आत जुनी तिकिटं असतील. आत एकच पाकीट होतं, गोळ्यांचं. दोन घरं फोडलेली. बाकीची तशीच.

"हिचं," अण्णा म्हणाले. मी इथं राहायला यायच्या आधीच त्यांच्या पत्नी वारल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. "तिला म्या रुमालाचं सांगितलं तवा लय हसली. म्हणाली, आवं, मग दोन-दोन रुमाल कशाला? मला वाटलं, चेष्टा करतीया. रोज हितं समोर बसून कॅप्सूल घ्यायची. ताट वाजवायची. गोळी बंद केलीया ते ती गेल्यावर कळलं. गादीखाली घावलं हे."

मी माझं पाकीट त्या पाकिटाशेजारी ठेवलं.

"डागदर म्हणले, गोळी घेऊन वाचलीच आसती असं कुणी सांगू शकत न्हाई. ते त्येंचं. म्या कंडक्टर. तिकीट न बघता म्या घंटी मारली."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात इस्त्रीच्या सदऱ्यात उभे. "चल, साताऱ्याला. मोठ्या डागदरला दाखवू." मी म्हणालो, भट्टी आहे. "भट्टी जळंल. तू चल." साताऱ्याच्या गाडीला ही गर्दी. माझ्या आधी अण्णा पळाले, या वयात, आणि खिडकीतून हात घालून रुमाल टाकला. मी आत जाऊन बघतो तर निळ्या काठाचा. त्यांनी मला तिथं बसवलं आणि स्वतः दांडी धरून अर्ध्या वाटेपर्यंत उभे राहिले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुमची गोळी चालूच पाहिजे, वडिलांचं असं झालंय म्हटल्यावर जास्तच. कॅप्सूल सोबत घेतलीत तरी चालेल, पण गोळीच्या जागी नाही. काही त्रास झाला तर मला येऊन सांगा, मनानं बंद करू नका.

"ऐकलंस?" बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले. "नुसता रुमाल घेऊन गावाला जाता येत न्हाई. गाडीबी लागती."

परत आलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. अण्णांनी दोन ताटं घेतली. मी सवयीनं पाट ओढला. अण्णांनी हातातला रुमाल खुर्चीवर न टाकता घडी करून खिशात घातला, दुसरी खुर्ची मागं सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा खाली आला होता. मी तो कागद अण्णांना दिला. त्यांनी उजेडाकडे धरला, खिशातून तिकिटाचा जुना पंच काढला आणि कागदाच्या कोपऱ्याला एक भोक पाडलं. डॉक्टरांना पुढच्या वेळी ते भोक कशाचं म्हणून सांगावं, हा प्रश्न माझ्यापुढं अजून आहे.

आता आम्ही समोरासमोर जेवतो. आधी तिकीट, मग कॅप्सूल, मग घंटी. माझी घंटी अजून बद्द वाजते, असं अण्णांचं म्हणणं आहे. आणि एक मी मनाशी ठरवलं आहे, कधी ते आज सांगता येत नाही. अण्णांना वाशीमला न्यायचं. माझी मुलगी दाखवायची. एकतीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांना बसवलं आणि स्वतः उभ्यानं गेला. त्या दिवशी गाडी फलाटाला लागली की त्यांच्या आधी मी पळणार, खिडकीतून रुमाल टाकणार आणि अण्णांना खिडकीशी बसवणार. वाशीमपर्यंत मी दांडी धरून उभा राहीन.