मधलं बटण शून्यावर

सिरिल सेक्वेराचं पत्र मार्चमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो नव्हतो! मी जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात काम केलेला माणूस. पत्राला उत्तर न देणं म्हणजे मला चर्चमध्ये मिस्साला अनवाणी जाण्यासारखं वाटतं. पण हे पत्रच तसं होतं.

"होरेस, यंदा सान पेद्रोच्या सणाला मलाक्काला येतोय. आपल्या बँडमध्ये वाजवीन म्हणतो. कोळ्यांच्या वॉल्ट्झमधला सोलो पूर्वीसारखा मीच घेईन. पर्थहून गिटारचा अँप आणणं काही जमत नाही, तेवढी सोय कर. तुझी हरकत असेल तर कळव."

हरकत! वाचकहो, सिरिल बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हापासून तो सोलो माझा होता. वर्षातून एकदा, जूनच्या शेवटी, कोळ्यांचा संत सान पेद्रो याच्या सणाला, आमच्या पोर्तुगीज वस्तीच्या चौकात, समुद्राकडे पाठ करून मी तो वाजवायचो. एरवी मी चारचौघांत मीठसुद्धा मागू शकत नाही. तेवढी दीड मिनिटं मात्र सगळे माझ्याकडे बघायचे. निदान माझ्या दिशेला तरी बघायचे.

आणि सिरिल म्हणजे कोण? उंच. या वयातही डोक्यावर सगळे केस. तो गिटार हातात घ्यायचा तेव्हा माझी स्वतःची बायको, लॅली, लसूण सोलायची थांबायची. मी वाजवायला बसलो की ती खलबत्ता काढते. आजवर माझ्या वाजवण्यापायी आमच्या घरात एकाही लसणीचा खोळंबा झालेला नाही.

उत्तराचे कागद मी बरेच फाडले. 'हरकत कसली!' हे खोटं होतं. 'हरकत आहे' हे उद्धट होतं. या दोहोंच्या मधलं वाक्य शोधता शोधता जून उजाडला. मग मी ठरवलं, येऊ दे त्याला! आवाजातच हरवतो! आवाजशास्त्रावर मी तीन पुस्तकं वाचलेली आहेत. आमच्या वस्तीत दुसऱ्या कोणी एकही वाचलेलं नाही. (तिसरं मला समजलं नव्हतं, पण ते कोणाला ठाऊक नाही.)

मी नवा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घेतला. तो घरात आणला तेव्हा लॅली दारातच उभी राहिली.

"हा कपडे धुतो का?"

"गिटारचा आहे."

"मग एवढा मोठा कशाला? त्यात सिरिल बसणार आहे का?"

माझ्या घरात त्याचं नाव असं जेवणातल्या मिठासारखं येतं!

पुढचे सगळे दिवस मी पुढच्या खोलीत बसून आवाज जमवला. अँपवर तीन मुख्य बटणं असतात: जाड आवाजाचं, मधल्या आवाजाचं आणि बारीक आवाजाचं. जाड आवाज मी भरपूर ठेवला. खिडकीच्या काचा कौतुकाने थरथरायच्या. बारीक आवाज चवीपुरता. आणि मधला आवाज? ऐकलाय तुम्ही कधी नुसता मधला आवाज? सर्दी झालेल्या कारकुनासारखा असतो! मी त्या कारकुनाला सरळ नोकरीवरून काढून टाकलं. मधलं बटण शून्यावर. वर थोडा घुमारा सोडला. काय तो आवाज! खोलीचं कॅथेड्रल झालं.

"कसं वाटतंय?" मी लॅलीला विचारलं.

"छान. झोप येतेय."

मी ती स्तुती समजलो.

सणाच्या आदल्या दिवशी सिरिल दारात! मिठी मारून त्याने मला जमिनीवरून उचललंच.

"उत्तर आलं नाही तेव्हाच समजलो रे! हरकत असती तर तू कळवलं असतंस. तुझ्यासारखा पत्रं लिहिणारा माणूस!"

म्हणजे न लिहिताच मी परवानगी देऊन बसलो होतो. तेवढ्यात लॅलीने रव्याचा केक आणला. वाचकहो, बदाम घातलेला हा केक आमच्याकडे नाताळात होतो. माझ्या वाढदिवसाला बिस्किटं होती.

"अँपचं काय केलंस?" सिरिलने विचारलं.

"तुला माझा जुना देतो," मी म्हणालो. "लहान आहे, पण गोड आहे."

लहान होता हे खरं. त्याचं जाड आवाजाचं बटण कधीच तुटलं होतं, बारीक आवाजाचं जागेवरच गंजून बसलं होतं. चालू होतं ते फक्त मधलं. अख्ख्या अँपमध्ये सर्दी झालेला कारकून एकटाच कामावर! तो अँप मी इतक्या प्रेमाने पुसून दिला की लॅलीलाही माझं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकातल्या मंचावर आम्ही सामान मांडलं. आमच्या बँडचं नाव 'लॅगून बॉइज'. सगळ्यात लहान बॉयला नुकतंच पेन्शन सुरू झालंय. तो म्हणजे बॉनी, आमचा ड्रमवाला. त्याने सिरिलचा अँप बघितला आणि त्याला दया आली.

"एवढासा जीव! खाली ठेवला तर कोणीतरी तुडवेल." त्याने दोन मासळीचे क्रेट एकावर एक रचले आणि अँप वर ठेवला. तो बरोबर सिरिलच्या कानाशी आला. माझा अँप उचलणं कोणाच्याच बापाला जमेना, तेव्हा तो जमिनीवरच राहिला, माझ्या घोट्यांच्या मागे.

आधी एकेकाने वाजवून बघायचं असतं. मी एक सूर छेडला. कॅथेड्रल! खुर्च्या मांडणारी माणसं थबकली. आमची गायिका डोरीन म्हणाली, "अगं बाई, होरेस! देवदूत आले की काय?"

मग सिरिलने वाजवलं. डब्यात कोंडलेली शेळी!

कोणी काही बोललं नाही. खरंखुरं सुख म्हणजे काय ते मला त्या शांततेत समजलं. सिरिलने अँपचं एकुलतं बटण जरासं फिरवलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरं आहे." बिचारा! मी त्याच्या पाठीवर थोपटलंसुद्धा.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी नाहीसा झालो.

थट्टा नाही! बोटं चालत होती, तारा हलत होत्या, पण गिटार कुठे गेली? माझा तो जाड आवाज बास गिटारने गिळला होता. चवीपुरता बारीक आवाज बॉनीच्या झांजांखाली सांडला. घुमारा समुद्राकडे निघून गेला. आणि त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत, स्वच्छ, नेमकी, गोड कोण येत होती? शेळी! एकेक सूर मोजून घ्यावा अशी! पुढच्या रांगेत लॅली बसली होती, कागदाच्या पुडीत शेंगदाणे घेऊन. तिचं सोलणं थांबलं होतं.

मी आवाज थोडा वाढवला.

मी वाढवला म्हणून बॉनीने ड्रम जोरात बडवले. बॉनी ऐकू येईना म्हणून बास वाढला. बास वाढला म्हणून डोरीनने माईक जवळजवळ तोंडात घातला. आता मी पुन्हा नाहीसा! आणि त्याच वेळी मी पाहिलं, डोरीन गायला लागली की सिरिल हळूच करंगळीने गिटारवरचं बटण फिरवतो. अस्सं! चोरून वाढवतोस काय? त्याने फिरवलं की मीही फिरवायचो. त्याने करंगळी लावली की मी अख्खा हात.

आता कळतं की तो दर वेळी आवाज कमी करत होता. डोरीनला जागा द्यायला. पण वाजवता वाजवता कोणाला जागा द्यायची असते हे माझ्या तीनही पुस्तकांत नव्हतं!

मला अजूनही काहीच ऐकू येईना. मग मी बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत नेलं. तरी आवाज बोथटच! कारण सोपं होतं, पण ते मला नंतर कळलं. अँप जमिनीवर असला की त्याचा आवाज सरळ समोर, विजेरीच्या झोतासारखा जातो. माझे घोटे उत्तम ऐकत होते. कान वर होते आणि तिथे काही पोचत नव्हतं. पुढच्या रांगेतली माणसं मात्र बसलेली होती. त्यांची डोकी बरोबर त्या झोतात.

पुढच्या रांगेत हात हलू लागले. मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी हात हलवले नव्हते! खेकडेवाली रोझिता आंटी तर दोन्ही हात कानाशी नेऊन डुलत होती. मी कृतज्ञतेने आणखी वाढवला. फादर विल्फ्रेड मात्र शांत हसत होते. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

लॅली उभी राहिली आणि तळहात खाली खाली करून दाखवू लागली. मला वाटलं, वाकून नमस्कार कर म्हणतेय. मी वाकलो.

तेव्हा तिने कपाळावर हात मारला, खुर्ची उचलली आणि रांगेतून चालत, सगळ्या वस्तीदेखत, सिरिलच्या समोर जाऊन बसली!

वाचकहो, मी शांत माणूस आहे. ग्रंथालयात मी कोणावर कधी 'शू' म्हणूनसुद्धा ओरडलो नाही. पण त्या क्षणी मला तो अँप समुद्रात ढकलावासा वाटला, सिरिलला बांधून.

आणि नेमका तेव्हा कोळ्यांचा वॉल्ट्झ आला. जोडपी नाचायला उठली. सोलोची वेळ झाली. सिरिल माझ्याकडे वळला, हसला आणि हनुवटीने खूण केली: तू घे!

त्याने मला सोलो दिला! माझाच सोलो मला दान! रागाने मी मागे वळलो, आवाज वाढवायचं बटण जेवढं जाईल तेवढं नेलं आणि नीट ऐकू यावं म्हणून गिटार घेऊन अँपच्या तोंडाशीच जाऊन उभा राहिलो.

पुस्तक क्रमांक तीनमध्ये याबद्दल एक अख्खं प्रकरण आहे.

अँपचा आवाज गिटारमध्ये शिरतो, गिटारमधून पुन्हा अँपमध्ये, आणि दोघं एकमेकांना चढवत बसतात. जी किंकाळी उठली, ती शंभर मांजरांच्या शेपट्या एकाच दरवाजात सापडल्यासारखी होती! वस्तीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. नाचणारी जोडपी जिथल्या तिथे बसली. सणातल्या होड्या सजवण्याच्या स्पर्धेचे परीक्षक गुणांचे कागद टाकून पळाले. फादरनी, यंत्र खिशात असूनही, क्रूसाची खूण केली.

"तारांवर हात ठेव! हात ठेव!" सिरिल ओरडत होता. मला ऐकू आलं ते 'साथ ठेव'. मी आणखी जोरात वाजवलं.

शेवटी तो धावत आला आणि त्याने माझ्या गिटारची वायर उपटली.

शांतता. इतकी शांतता माझ्या ग्रंथालयातही कधी नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. या खेपेला नुसते दिशेने नाही, नेमके माझ्याकडेच. मंचाला मागून उतरायला जिना आहे का, हे मी बघत होतो. गिटार कायमची खुंटीला टांगायची, हे तेवढ्यात ठरूनही गेलं होतं.

सिरिल वाकून माझ्या अँपकडे बघत होता.

"मधलं शून्यावर?" तो हळूच म्हणाला. "अरे वेड्या, गिटार तिथेच तर राहते!"

"घरी छान वाटायचं," मी पुटपुटलो.

"घरी बॉनी असतो का?"

"मी जातो, सिरिल. तू वाजव."

"जातो कुठे? या जुन्याला दोन भोकं आहेत. ये, लाव इथेच."

बॉनीने मागून काड्या आपटल्या. "बॉइज, वाजवताय की मी मटार सोलू?"

मी माझी वायर शेळीत खुपसली. वॉल्ट्झ पुन्हा सुरू झाला. आणि काय सांगू, मी होतो! प्रत्येक सुरात होतो! सोलो मी घेतला, तेव्हा सिरिलने स्वतःची गिटार इतकी खाली आणली की मला माझ्या चुकासुद्धा ऐकू आल्या. दोन होत्या. लोक परत नाचायला उठले. खुर्च्या पुन्हा रांगेत आल्या.

कार्यक्रम संपल्यावर रोझिता आंटी धापा टाकत आली. मी नम्रपणे मान खाली घातली. ती मला वळसा घालून पुढे गेली.

"सिरिल, पर्थहून काय गोड अँप आणलास रे!"

"माझा नाही, होरेसचा आहे."

"तू पण ना! लहानपणापासून असाच. सगळं श्रेय दुसऱ्याला!"

घरी जाताना लॅली म्हणाली, "शेवटी छान वाजलं हं. मला वाटलं सिरिलच वाजवतोय."

हीसुद्धा मी स्तुतीच समजलो. दुसरं काय करणार?

सण संपला. सिरिल अजून बहिणीकडे, दोन गल्ल्या पलीकडे, मुक्कामाला आहे. काल कॉफी पिताना त्याने विचारलं, "त्या पत्राचं उत्तर का नाही दिलंस? खरं सांग, हरकत होती का?"

मी साखर ढवळत राहिलो. त्याच्या तोंडावर मला असलं काही बोलता येत नाही. रात्री मात्र मधलं वाक्य सापडलं आणि आज सकाळी ते पाकिटात घालून मी टपाल कचेरीत गेलो. तर रांगेत पुढे तोच! नातवंडांना चित्रांची कार्डं पाठवत होता.

"ऑस्ट्रेलियाला तिकीट कोणतं लागतं?" मला विचारावंच लागलं.

"आण इकडे." त्याने पाकीट घेतलं, तिकीट चिकटवलं आणि मग पत्ता वाचला. "हा तर माझा पत्ता!"

"हो."

"होरेस, मी इथे उभा आहे."

"तिकडे पोचल्यावर वाच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. आत काय आहे ते तुम्हाला सांगतो, त्याला अजून कळायचंय: 'प्रिय सिरिल, हो, माझी हरकत होती. अजूनही आहे. पुढच्या वर्षी नक्की ये. दोन्ही वायरी जुन्यातच लावू.'

पेटीच्या तोंडाशी मी पाकीट धरून उभा राहिलो. 'नक्की' हा शब्द फार झाला का? 'हरकत' फार उघडं पडलं का? मागे माणसं खोळंबली. शेवटी सिरिलने ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि टाकलं आत. एकदाच, सरळ, किंचितही न अडखळता.

तेही त्याला माझ्यापेक्षा छान जमलं!