पातळ बांगडीच्या निवाड्याची हकीकत

श्री. ज्या गजवदनास नदीच्या दोन्ही तीरांचा मोदक सारखाच गोड लागतो, त्यास वंदन करोन लिहिणे ऐसे जे. शके पंधराशे सत्त्याण्णव, राक्षस संवत्सरी वरले राज्य आणि खालले राज्य यांचा तह जाहला, की येत्या पाडव्यापासोन एकाचा माल दुसऱ्याने अडवू नये. आणि तंटा पडल्यास नदीतील बेटावर न्यायसभा बसावी, तीत निंबाजीपंत न्यायाधीश असावे. पंत मोठे विद्वान, परंतु सभेपाशी ना फौज ना शिपाई. राजांनी मानिला तर निवाडा, नाही तर कागद.

मग खालल्या राज्यातील भिवरा कासारीण पातळ बांगड्यांच्या अकरा टोपल्या घेऊन नाक्यावर आली, आणि वरल्या राज्याच्या नाकेदाराने माल जप्त केला. कारण सांगितले, आमचे राज्यात बांगडी जाडच विकावी, पातळ फुटते, सुवासिनीस अपशकुन होतो. जाड बांगडीची भट्टी वरल्या महाराजांचे मेहुण्यांची होती, हे सांगणे नलगे. भिवरा बेटावर आली आणि सभेत उभी राहिली. राजे सोडोन कोणी रयत तहाचे बळावर तेथे दाद मागो आल्याचे ऐकिवात नव्हते. वकील हसो लागले. नाकेदाराने कागद काढिला, त्यात जप्तीची तिथी फाल्गुन अमावास्या, म्हणजे तह लागू होण्याच्या आदले दिवशीची. तेव्हा भिवरा बोलली, "खोटं हाय, पंत! पाडव्यालाच अडवलं मला. अवसेला कुठली कासारीण माल बाहेर काढती?" पंतांस कळोन चुकले, की बाई खरी आणि कागद खोटा.

मग पंतांनी तीन दिवस विचार केला. माल सोडावा तर महाराज रुष्ट होऊन सभाच मोडतील. दावा नुसता फेटाळावा तर तह फडताळात पडेल. आणि चौथे दिवशी निवाडा दिधला, की तह राजांचा तैसा रयतेचाही, कोणाही व्यापाऱ्याने त्यावर दाद मागावी. आणि एका राज्यात जो माल चालतो तो दुसऱ्यात चालावा, अपाय सिद्ध केल्याविना अडवू नये. परंतु कागदी तिथी अमावास्येची, सबब भिवरेचे बोलणे खोटे, माल जप्त. महाराज 'जप्त' एवढेच ऐकोन संतोषले, निवाडा शिरसावंद्य म्हणोन त्यावर शिक्का केला आणि साखर वाटली.

पुढले साली घोंगडीवाला आला, मग तांबट आला, मग वैद्य आणि गवंडी आले, आणि प्रत्येकाने तोच निवाडा पुढे केला. महाराज गरजले, "हे आम्ही कधी मान्य केले?" पंत हात जोडोन म्हणाले, "महाराज, शिक्का आपलाच आहे." महाराज चरफडले, परंतु आपलाच शिक्का खोटा कोण म्हणेल? वीस वर्षांत नाके ओस पडले, मापे एक जाहली, दोन्ही तीरांच्या सोयरिकी जुळल्या, आणि मेहुणेही निमूटपणे पातळ बांगडी करू लागले.

भिवरेस मात्र 'खोटी कासारीण' हेच नाव पडले. हात भरावयास कोणी बाई तिजपुढे बसेना. ती म्हातारी होऊन बेटावर आली. पंतही थकले होते. त्यांनी घर देऊ केले, जमीन देऊ केली. ती म्हणाली, "घर घेऊन काय करू? मला खोटी लिवलंय, तेवढं खोडा."

पंत म्हणाले, "बाई, ती तिथी खोटी ठरली तर निवाडा खोटा, आणि निवाडा खोटा तर उद्या नाके पुन्हा उभे."

भिवरा म्हणाली, "म्हंजी समद्यांचं बरं चाललंय, ते मी खोटी हाय म्हून." पंतांस बहुत लाज वाटली. ती उठोन गेली. पुढे दोन वर्षांनी पंत वारले. खोडाखोड जाहली नाही.

तात्पर्य, निवाडा अद्याप चालतो आणि त्यापासोन दोन्ही राज्ये सुखी आहेत. भिवरा खरे बोलली होती. हे न्यायसभेच्या दप्तरी लिहावयाची सोय नव्हती, म्हणोन येथे लिहिले.