आगाऊ भाऊजी

माझ्या ताईला पाहायला देवीदास भाऊजी आले ते ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी.

घरात कुरड्यांचा घाट चालला होता. ताईचे हात कोपरापर्यंत गव्हाच्या चिकानं माखलेले, वडील बनियनवर बाजेची सुतळी आवळत बसलेले, आणि मी, वय वर्षं दहा, चिकाची वाटी चाटत दारात उभा. समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस. वडील गोंधळून म्हणाले, "पाहुणे, तुमचं त उद्याचं ठरलं होतं नं?"

"हौ, उद्या त हायेच," तो माणूस म्हणाला. "आज मोकळा होतो. म्हटलं, पाहून घेऊ."

ताईनं तशाच हातांनी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घटाघटा प्यायलं, बोटांना लागलेला चीक रुमालाला पुसला आणि वडिलांना सांगून टाकलं, "माह्याकडून पक्कं." दुसऱ्या दिवशी ते चार माणसांसोबत पुन्हा आले आणि ताईला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पोहे खात बसले.

आपल्या मराठीत आगाऊ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आधी भरलेल्या रकमेला आगाऊ म्हणतात, आणि नको तिथं पुढे पुढे करणाऱ्या माणसालाही. आमच्या भाऊजींना दोन्ही लागू पडतात. रिसोडच्या विहारात वंदनेला ते जातात तेव्हा किल्लीवाला अजून अंघोळ करत असतो. पाटबंधारे खात्यात ते कालव्याचं पाणी सोडायचं काम बघतात. पाणी उशिरा येतं ही तक्रार सगळ्या देशात असेल, पण पाणी पाळीच्या आधीच येऊन वाफे फोडून गेलं, ही तक्रार फक्त भाऊजींच्या हद्दीत होते. साहेबांनी खुलासा मागितला तर म्हणाले, "देयाचंच हाय त आधी देलेलं काय वाईट? मंग कवा देऊ?"

हे 'मंग कवा' म्हणजे त्यांचं ब्रीदवाक्य. स्वेटर उन्हाळ्यात घेतात. पाहुण्यांकडे जेवण व्हायच्या आधी हात धुऊन पाटावर बसलेले असतात. ताई म्हणते, "यायच्यासंगं संसार म्हणजे सदा फलाटावर उभं राह्यल्यासारखं हाय."

अशा माणसाला एकाच बाबतीत उशीर झाला, आणि तो असा झाला की सगळं आयुष्य आधी पोहोचून जे कमावलं ते त्यात गेलं. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. अकोल्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. लोकांनी विचारणं सोडलं, मग ताईनं रडणंही सोडलं. आणि भाऊजींचे केस पांढरे झाल्यावर सुजाता झाली. तिच्या मागोमाग, कुणी बोलावलेलं नसताना, आनंद झाला. आगाऊपणा रक्तातच असावा.

आता रिसोडच्या बसस्टँडवर बायका कौतुकानं विचारतात, "नातू काय जी?" भाऊजी शांतपणे सांगतात, "नाही, लेकरू हाय." त्या बाया ओशाळतात आणि भाऊजी घरी येईपर्यंत मनातल्या मनात हिशेब करतात. एकदा मला म्हणाले, "मिलिंद, हे पोट्टं मॅट्रिक होईन तवा मी साठीच्या पार असन. असलो त."

तेव्हापासून त्यांच्या 'मंग कवा'ला काही धरबंदच राहिला नाही. पोरगी पाळण्यात असताना घरात मोठी सायकल आली. पोरगा पालथा पडायला शिकला त्याच आठवड्यात बॅट आली, पोराहून लांब. सुजाताला अजून 'पाणी' म्हणता येत नव्हतं आणि भाऊजी तिला बेरीज समजावत होते. आणि एक दिवस ते शेलूबाजारला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "जहाजाचं तिकीट काढून दे. मुंबईहून निघते, दोन रात्री समुद्रात राह्यते. लेकरायले समुद्र दाखवतो."

मी म्हणालो, "भाऊजी, मोठी अडीच वर्साची अन लहाना अजून दात काढून राह्यला. त्यायले काय कळते? पाच-सहा वर्सांनं जा."

"पाच-सहा वर्सांनं? मंग कवा?" ते म्हणाले. "तुयंही काढ. तुलेही येयाचं हाय."

मला वाटलं, पोरं उचलायला हमाल पाहिजे. मी लग्न न केलेला माणूस. दुसऱ्यांची पोरं आपल्याला दोन मिनिटं गोड लागतात, तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या आईचा शोध घ्यावा लागतो. पण ताईनं फोनवर एवढंच म्हटलं, "ये रे बापा. माह्या एकटीच्यानं होनार नाही." गेलो.

बंदरावर आम्ही इतके आधी पोहोचलो की जहाजच आलेलं नव्हतं. ते आदल्या फेरीवरून परत येत होतं. आम्ही सामानावर बसून त्याची वाट पाहिली, आणि शेवटी त्यातून उतरणारे लोक पाहिले. त्यांच्यात लहान पोरं घेतलेले जे आईबाप होते त्यांचे चेहरे मी नीट बघायला हवे होते. तिथंच सगळं लिहिलेलं होतं.

भाऊजींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. डोळ्यांवर हाताची सावली धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "अन याचं गेट कुठं हाय?"

आमची खोली म्हणजे कापसानं ठासून भरलेल्या गाडीतली मागची जागा. दोन पलंग, एक न उघडणारी काच आणि आम्ही पाच. भाऊजींनी आत शिरल्याशिरल्या कपाटातली जीवरक्षक जॅकेटं काढली आणि सगळ्यांना चढवली. पुढे त्याची तालीम होणार होती, भोंगा वाजणार होता. भोंगा वाजेपर्यंत हा कालवा निरीक्षक नारिंगी जॅकेट घालून, कडेवर नारिंगी जॅकेटातला पोरगा घेऊन, ठरलेल्या जागी एकटाच हजर होता. तिथला अधिकारी तालीम संपल्यावर म्हणाला, "अब उतार सकते हैं, अंकल." भाऊजींनी नंतरही काढलं नाही. जेवायलाही तसेच आले.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही मी दुकानात बसल्या बसल्या डोळे मिटून घेतो.

जहाजावर पोरांसाठी पाण्याचं कुंड होतं, पण लंगोट बांधलेल्या पोरांना त्यात मनाई. खेळायची खोली होती, पण तीन वर्षांवरच्यांना. रात्री जादूचा खेळ होता, तो बघून सुजाता अशी किंचाळली की जादूगारानंच ससा परत टोपीत घातला. जेवायला लांबच लांब टेबलं, त्यावर नावंही न वाचता येणारे पदार्थ, आणि सुजाताला पाहिजे भाकर अन दूध. ताईनं आनंदसाठी भाजलेल्या तांदूळ-मुगाचं पीठ घरून आणलं होतं, त्याची खिमटी करायला गरम पाणी पाहिजे. मी वाटी घेऊन मजल्यामजल्यांवरून फिरलो. शेवटी कॉफीच्या यंत्रातून पाणी मिळालं. ती कॉफीच्या वासाची खिमटी खाऊन आनंदनं डोळे टक्क उघडले ते मिटायलाच तयार नाही.

मग जहाज हलायला लागलं. पहिली उलटी भाऊजींची. दुसरी आनंदची. तिसरी माझ्या शर्टावर, ती कुणाची होती याचा तपास लागला नाही. ताई पलंगाच्या कडेला बसून फक्त म्हणत होती, "काहून आलो आपन? कायले आलो?" 

एवढ्या मोठ्या जहाजात सुजाताला एकच गोष्ट आवडली. लिफ्ट. आमच्याकडे लिफ्ट फारशी कुठे नाही. बटण दाबलं की दिवा लागतो आणि दार आपोआप उघडतं, हे तिला समजलं आणि आमची सफर तिथं संपली. दुसरा अख्खा दिवस मी आणि भाऊजी पाळीपाळीनं तिला घेऊन लिफ्टमध्ये वर जात होतो आणि खाली येत होतो. बाहेर अरबी समुद्र होता. आम्ही आतल्या आरशात एकमेकांचे उतरलेले चेहरे बघत होतो. ती उतरायला तयार नाही, उतरवलं की जमिनीवर लोळण. भाऊजींच्या हातात उलटीची पिशवी कायम. तरी दर मजल्याला दार उघडलं की ते पोरीला बाहेर बोट दाखवत, "पाह्य माय, समुद्र!" आणि ती बटण दाबत.

एकदा लिफ्टमध्ये एक सुगंधी बाई चढल्या. सुजाता रडत होती. बाई वाकून गोड आवाजात म्हणाल्या, "असं नाही हं करायचं. आजोबांना त्रास होतो ना?" नेहमी भाऊजी चूक दुरुस्त करतात. त्या वेळी त्यांनी फक्त पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बाई उतरून गेल्या, दार लागलं, आणि त्यांनी आरशात बघून केसांवरून हात फिरवला. मला त्या बाईंचा राग आला, जहाजाचा आला, आणि सगळ्यात जास्त भाऊजींचा आला. काय गरज होती या सगळ्याची?

संध्याकाळी ताई आणि आनंद एकदाचे झोपले. आम्ही दोघं सुजाताला घेऊन वर उघड्यावर आलो. सूर्य बुडत होता. खरं सांगायचं तर ते फार सुंदर होतं, पण मला ते कबूल करायची इच्छा नव्हती. भाऊजींनी पोरीला उंच धरलं. "पाह्य, पाह्य कसा लाल झाला." सुजातानं त्यांच्या कॉलरचं बटण तोंडात घेतलं आणि थोड्या वेळात खांद्यावर मान टाकून झोपून गेली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "भाऊजी, तिले यातलं काहीच आठवनार नाही. येक थेंब नाही. पैसे गेले, ताई झिजली, तुमी दोन दिवस उपाशी. कायच्यासाठी?"

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

"काय मालूम हाय?"

"तिले आठवनार नाही ते. माहा बाप गेला तवा मी तीन वर्साचा होतो. मले काही आठवत नाही. त्याचा येक फोटो हाय घरी, कोनाच्या तरी लग्नातला. लय मानसं हायेत त्यात. माय म्हने, हा डाव्या हाताचा. आत्या म्हने, नाही, मांगचा टोपीवाला. दोघी भांडत. आता दोघीही गेल्या. कोन्ता माहा बाप, ते मले आजलोग समजलं नाही." त्यांनी पोरीचा पाय नीट केला. "त्याच्याबद्दल येकच गोष्ट पक्की मालूम हाय. त्याले वांगं आवडत नव्हतं. माय भाजी चिरतानी कवाकवा बोलून जाय. बस. येवढा मानूस जगला, अन उरलं काय, त वांगं."

भाऊजी वांगं खात नाहीत हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. वऱ्हाडात राहून वांगं न खाणारा जावई म्हणजे सासुरवाडीची परीक्षाच. मी म्हणालो, "म्हणजे तुमाले नावड त्यायच्याकडूनच आली."

"नावड कायची बे? मले लय आवडते वांगं," भाऊजी म्हणाले. "लग्नात भरल्या वांग्याचा वास आला का तोंडाले पानी सुटते. पन नाही खात. बापाकडून मिळालेलं तेवढंच हाय, तेही खाऊन टाकू का?"

मला हसू आलं आणि मी कठडा घट्ट धरला. जहाज पुन्हा डोलायला लागलं होतं, आणि भाऊजींचा चेहरा पिवळा पडत होता.

"तुले काय वाटते, पोरं सांभाळाले आनलं तुले?" ते म्हणाले. "तुले त लेकरू धरताही येत नाही. मिलिंद, तू वयानं लहान हायेस. तुयी आठवनही चांगली हाय. यायले नाही आठवनार, पन तू त पाह्यलं नं सगळं? मोठे झाले का सांगजो यायले. बाप कसा होता ते."

"सांगीन नं भाऊजी. वेळ आल्यावर सांगीन."

"वेळ आल्यावर मी ऐकाले असन का? तू काही भलतंच सांगून देशीन त? आता सांग. चुकलं त मी दुरुस्त करतो."

मला वाटलं, थट्टा करतात. पण ते खरंच तिथल्या खुर्चीवर बसले, झोपलेल्या पोरीला मांडीवर घेतलं, अजूनही अंगात असलेल्या जॅकेटाची नाडी सैल केली आणि माझ्याकडे बघायला लागले. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. मी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि झोपलेल्या सुजाताला म्हणालो, "माय, तुये बाबा..."

आणि मी भाऊजींकडे वर पाहिलं.

"होते," भाऊजी म्हणाले. "होते म्हन. तवा तसंच म्हनशीन नं?"

"तुये बाबा होते," मी म्हणालो, आणि मला रडायला आलं. मी ते लपवलं नाही. "ते तुले घेऊन समुद्रावर गेले होते. तू आपली लिफ्टमंदी बसली होती. तुया बाबाले दोन दिवस उलट्या झाल्या, तरी तुले कडेवरून खाली उतरवलं नाही."

भाऊजींनी भुवया उंचावल्या. "उलट्याचं कायले सांगतं?" ते म्हणाले.

मग त्यांनी पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हळूच म्हणाले, "नाही, राहू दे. सांगजो. हासन पोरगी."