मेहेर सरांच्या पिशवीतल्या सहा चाव्या

मेहेर सर लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्या पिशवीतून लोखंड वाजतं. बोईसरच्या आमच्या कॉलेजात ते वर्कशॉप घेतात, मी ड्रॉइंग शिकवतो. वर्कशॉपमध्ये सहा लेथ आहेत, म्हणजे लोखंड कातायच्या मशीन. लोखंडाचा तुकडा ज्या जबड्यात धरतात तो चक, आणि तो आवळायची जाडजूड चावी. चावी चकातच विसरून मशीन चालू केली, तर ती गोळीसारखी उडते. म्हणून मास्तर लोक ओरडतात आणि गप्प होतात. सरांनी मात्र सहाही चाव्या आपल्या पिशवीत घातल्या. विद्यार्थ्याने चावी मागून न्यायची, चक आवळायचा, परत येऊन ती सरांच्या हातात द्यायची, मगच बटण दाबायचं.

सर मुरबे गावचे. संध्याकाळी चाव्या त्यांच्याबरोबर घरी जातात. एकदा त्याच पिशवीतून सुके बोंबील आले आणि चार दिवस सगळ्या लेथना मासळी बाजाराचा वास येत होता. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला गेलो, तर "बरं झालं" म्हणता म्हणता माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी कुणाला तरी विचारलं, "चावी कुठं हाय?" मी अठरा वर्षं त्यांची टिंगल केली. सर कधी चिडले नाहीत.

गेल्या वर्षी तारापूरच्या एका कंपनीने निवडीसाठी पोरांना आपल्याच कारखान्यात बोलावलं. आमच्याकडून शेवटच्या फेरीत एकटी सुनंदा भोये पोचली. विक्रमगडच्या पुढच्या पाड्यावरची मुलगी, हात असा की मापात केसाचा फरक नाही. तिथे चावी मशीनशेजारच्या ट्रेमध्ये ठेवायची पद्धत होती. सुनंदा मात्र दर वेळी चक आवळून अख्खी शेड ओलांडायची आणि तिथल्या साहेबांच्या हातात चावी द्यायची. बाकीची पोरं हसली. वेळ संपली तेव्हा तिचा जॉब, म्हणजे कातायला दिलेला तुकडा, अर्धाच झाला होता.

नोकरी गेली. शिक्षणाचं एक वर्ष अजून बाकी होतं, पण वडिलांनी निरोप पाठवला की पोरगी दिवाळीनंतर आमच्याबरोबर वीटभट्टीवर येईल. माझं डोकं फिरलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी सरांना सुनावलं की तुमच्या चावीने पोरीचं वाटोळं केलं. रविवारी मला बरोबर घेऊन सर तिच्या पाड्यावर गेले.

घरात गाठोडी बांधून तयार होती. सुनंदाचे वडील लहानू यांनी खाट पुढे केली, पण सर बसले नाहीत. चूक पोरीची नाही, माझी आहे, तिला पुढे शिकू द्या, असं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. लहानूंनी शांतपणे विचारलं, "चावी मशीनपाशी ठेवली त काय होतं, मास्तर?"

सर जमिनीकडे बघत म्हणाले,

"नोकरीच्या पयल्या वर्षी चावी मीच चकात विसरलो. पोरानं मशीन चालू केली. डोळा गेला त्याचा."

"मंग त्याच्या घरचे काय बोलले तुमाला?"

"काय नाय. त्यानं सगल्यांना सोताचंच नाव सांगितलं, चावी मीच विसरलो म्हनून. मला वाचवलान. आन मी गप बसलो. आजपर्यंत गप हाय."

मला माझी अठरा वर्षांची टिंगल आठवली आणि लाज वाटली. सुनंदाची आई उठली. तिने एक गाठोडं सोडलं आणि त्यातून पोरीचे कपडे वेगळे काढले. लहानूंनी तिला अडवलं नाही.

"पोर येल तुमच्याकडं," ते सरांना म्हणाले. "पन आदी त्या पोराकडं जाऊन या."

परतताना पालघरला आम्ही बोईसरची गाडी धरली. मधलं उमरोळी स्टेशन जवळ आलं तसे सर उठले. "इथंच राहतो तो. घर माहीत हाय मला," म्हणाले. मी बरोबर येऊ का विचारलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. गाडी सुटली तरी सर फलाटावर तसेच उभे होते. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून ते गावाच्या बाजूला चालू लागले.